आधी धावणाऱ्याची लस

निकेतला देवीची लस टोचली तेव्हा सगळ्या वाडीला हसू आलं. देवी हा रोग जगातून हद्दपार होऊन एवढी वर्षं झाली की त्या लशीचे वण आता फक्त म्हाताऱ्यांच्या दंडावर उरले होते. आणि इथे हा तिशीतला, धडधाकट, रुग्णवाहिका चालवणारा बाप्या दंडाला पट्टी बांधून फिरत होता. नाक्यावर कुणी विचारलं, "निकेत, आता पटकीची लस कधी घेवची रे?" कुणी म्हणालं, "सरकाराक कपाटात जुनी बाटली गावली, ती तुझ्यार संपवल्यानी." निकेतही हसला. चेष्टा करण्यात आणि करून घेण्यात तो कधीच मागे नव्हता.

पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्यांना बोलावून नीट समजावून सांगितलं होतं. एवढा मोठा किनारा, एवढ्या खाड्या. उद्या कुणी वाईट बुद्धीने बंद बाटलीतला रोग आणून इथे सोडला, तर पहिल्या आजाऱ्याला उचलायला कोण जाणार? रुग्णवाहिकेवाले, पोलीस, आग विझवणारे, इस्पितळातल्या परिचारिका. तेच आडवे झाले तर बाकीच्यांना वाली कोण? म्हणून त्यांना आधीच तयार ठेवायचं. लस सक्तीची नव्हती. कुणाची पाठ दुखायला लागली, कुणाच्या घरी पाहुणे आले, आणि बघता बघता अर्धी मंडळी पांगली. निकेतने बाही वर केली. त्याचा बापूस होडी ओढता ओढता वाळूत कोसळला होता आणि गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून आधी पोचणारा माणूस व्हायचं एवढं एकच वेड त्याने घेतलं होतं. ते वेड फार चांगलं होतं, अजूनही आहे. म्हणून तर राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

टोचणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की ही लस जिवंत असते. टोचल्या जागी फोड येणार, पिकणार, खपली धरणार. ती खपली गळून पडेपर्यंत तिथलं पाणी दुसऱ्याला लागता कामा नये. जागा झाकून ठेवायची, टॉवेल वेगळा, हात लागला की साबणाने धुवायचा. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही, पण ज्याच्या अंगावर इसब आहे त्याच्या कातडीवर ही वणव्यासारखी पसरते. "घरात कुणाला इसब आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. घरात मी आणि आई, दोघंच," निकेत म्हणाला. ते खरंच होतं.

इसब आनंदीला होतं. आनंदी म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची, जान्हवीची मुलगी. वय तीन, जीभ तीस वर्षांची. ती राहायची रेडीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिचा बाप तिथे बंदरावर कामाला होता. थंडी पडली की पोरीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत कातडी फुटायची, गाल खरखरीत व्हायचे, आणि ती खाजवून खाजवून रक्त काढायची. निकेतला लस घेताना तिची आठवण झाली होती. ती मे महिन्याशिवाय येत नाही, तोवर खपली पडून जाईल, असा त्याने हिशेब केला.

हिशेबात जत्रा नव्हती. गावच्या देवीची जत्रा तोंडावर आली आणि त्याच्या आईने, यमुनाबाईंनी, लेकीला फोन करून बोलावून घेतलं.

"आये, मी तुका सांगलेलंय मा? माझी खपली पडल्याशिवाय आनंदीक हय हाडू नको म्हणान," निकेत ओरडलाच.

"देवीची ओटी भरूक लेक येवची नाय? आणि भयणीक घराक येव नको म्हणणारो भाव मी पयलोच बघतंय." यमुनाबाई सकाळी बाजारात मासे विकायच्या, आणि गिऱ्हाइकाचं तोंड कसं बंद करायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

इथे त्याने हट्ट धरायला हवा होता, असं आता कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्यांनी यमुनाबाईंना एकदा नाही म्हणून बघावं. शेवटी तडजोड झाली. निकेतने आपली गोधडी उचलली आणि अंगणापलीकडच्या खोपीत, बापसाच्या जुन्या जाळ्यांशेजारी मुक्काम हलवला. जेवण बाहेर, ताट वेगळं, टॉवेल वेगळा. आनंदीला हात लावायचा नाही, तिला जवळ येऊ द्यायचं नाही.

आनंदी आली ती "मामा" म्हणत धावतच आली. निकेतने लांबूनच हात आडवा केला. पोरीचा चेहरा असा पडला की जान्हवीनेच तोंड फिरवलं. मग निकेतने पायाने वाळूत एक रेघ ओढली आणि म्हणाला, "ह्या पलीकडे तुझो गाव, ह्या अलीकडे माझो. गावाची वेस कोणी ओलांडूची नाय." आनंदीला खेळ पसंत पडला. ती आपल्या गावातून शिंपले, काड्या, एकदा अर्धा खाल्लेला लाडू असं काय काय आणून रेघेवर ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. निकेत ते उचलायचा आणि मोठ्याने दाद द्यायचा. रेघ पुसली गेली तर तीच ओरडायची, "मामा, वेस काढ!" मोठ्यांनी नियम मोडले असतील, तिने एकदाही मोडला नाही. हे लिहितानासुद्धा हात थांबतो.

आता मुठेलाबद्दल सांगायला हवं. कोकमाच्या बियांचं तेल काढतात, ते थिजून घट्ट होतं आणि हातात मावेल असा त्याचा गोळा वळतात. त्याला मुठेल म्हणायचं. थंडीत टाच फुटली, ओठ फुटले, भाजलं, की घरातलं माणूस कोनाड्याकडे हात नेतं. गोळा दिव्यावर किंवा चुलीपाशी जरा धरायचा आणि पाझरायला लागला की थेट दुखऱ्या जागेवर फिरवायचा. घराला गोळा एकच. तो कुणाचा म्हणून नसतो, कुणी तो कधी धूत नाही, आणि तेल उष्टं होतं असं आजवर कुणाच्या मनातही आलेलं नाही. यमुनाबाईंच्या टाचा, निकेतचे ओठ, जान्हवीच्या बाळंतपणातल्या पोटावरचे वण, सगळं त्या एका जातीच्या गोळ्यांवर निभावलं होतं.

जत्रेच्या आदल्या दुपारी निकेत रात्रपाळी करून आला आणि खोपीत मेल्यासारखा झोपला. दंडाला सारखी खाज यायची, आणि चिकटपट्टी काढून लावून भोवतालची कातडी सोलवटली होती. झोपेत त्याने पट्टी ओढून काढली होती. यमुनाबाई त्याला चहाला उठवायला गेल्या, आणि लेकाचा तो उघडा, लाल, चरचरीत दंड बघून त्यांना राहवलं नाही. त्या घरात आल्या, कोनाड्यातलं मुठेल घेतलं, निखाऱ्यावर धरलं आणि खोपीत जाऊन त्याच्या दंडावर हलक्या हाताने फिरवलं. खपलीच्या भोवती फिरवलं, खपलीवरूनही फिरवलं.

निकेत दचकून उठला. "आये! काय करतंस? हात लावू नको म्हणान सांगलंय ना! आधी हात धू!"

"अरे, कातडी सोलवटली हा तुझी."

"हात धू म्हणतंय! साबणान धू!"

त्याने नवी पट्टी बांधली आणि तिला विहिरीपाशी नेलं. यमुनाबाईंनी पुटपुटत, लेकाच्या वेडाला नावं ठेवत, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. तो शेजारी उभं राहून बघत होता. बोटांच्या मधे धू, नखांत धू, असं त्याने दोनदा धुवायला लावलं. हात स्वच्छ झाले. पण तो पट्टी बांधत होता तेवढ्यात त्यांनी गोळा कोनाड्यात परत नेऊन ठेवला होता, आणि त्याच्याकडे दोघांपैकी कुणाचंही लक्ष गेलं नाही.

संध्याकाळी नवं परकर-पोलकं घालून बघताना आनंदी कोपरं खाजवत रडायला लागली. यमुनाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. "ये गो माझ्या बायो, वायच लावया," असं म्हणत त्यांनी गोळा समईवर धरला आणि नातीच्या दोन्ही कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागे, गालांवर मायेने फिरवला. पोरगी मांडीवरच झोपून गेली.

जत्रा झाली. ओटी भरली गेली. आनंदीने खेळण्यांच्या दुकानासमोर बसकण मारून एक शिट्टी मिळवली आणि सगळ्या वाडीचं डोकं उठवलं. जान्हवी आणखी थोडे दिवस राहिली. मग एका सकाळी शिट्टी वाजली नाही. पोरीला ताप होता. कोपरांवर पुरळ उठलं, दुपारी त्याचे फोड झाले, दुसऱ्या दिवशी ते गालांवर, मानेवर, पापण्यांवर आले. फोड मधोमध खळगा पडलेले, मोत्यासारखे पांढरट. निकेतच्या दंडावर आला होता तसाच प्रत्येक फोड.

रुग्णवाहिकेवर त्याच्याबरोबर असणाऱ्या डॉक्टर विनीता मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनी आनंदीला पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली गेला. "निकेत, हे तुमच्या लशीचं आहे. गोव्याला न्यायचं. आत्ता."

गाडी त्यानेच चालवली. दुसऱ्याच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. त्या रस्त्यावरून त्याने बाळंतिणी नेल्या होत्या, बुडता बुडता वाचलेले पर्यटक नेले होते, आणि आरशात कधी बघायचं नाही हा त्याचा नियम होता. त्या दिवशी त्याने आरशात बघितलं. जान्हवी पोरीचे हात धरून बसली होती, तिने खाजवू नये म्हणून. आनंदी म्हणत होती, "मामा पट्टी बांध, माकापण पट्टी बांध."

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ह्यावर एक औषध आहे, लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून ते करतात. देशात फार थोडं आहे, विमानाने मागवलं आहे. निकेतने बाही वर केली. "माझं रक्त घ्या. मी लस घेतलीय. हवं तेवढं घ्या." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसं थेट देता येत नाही हे समजावून सांगितलं. त्याला कळलं, तरी त्याने बाही खाली केली नाही. बराच वेळ तो तसाच उघड्या हाताने बाकावर बसून होता.

सगळे एकच विचारत होते, लागलं कसं? डॉक्टर विचारत होते, जान्हवी विचारत होती, तो स्वतःलाच विचारत होता. टॉवेल वेगळा होता. ताट वेगळं होतं. रेघ होती.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंना आत जायची परवानगी मिळाली. अंगावर झगा आणि तोंडावर पट्टी चढवायच्या आधी त्यांनी कमरेची चंची सोडली आणि त्यातून फडक्यात बांधलेला मुठेलाचा गोळा काढला. "ओठ फुटलेत गो तिचे. वायच लावतंय."

निकेतने त्या गोळ्याकडे बघितलं. त्याला खोपीतली दुपार आठवली, विहीर आठवली, साबणाचा फेस आठवला. आई हात धुवत असताना गोळा कुठे होता, हे आता त्याच्या लक्षात आलं.

"आये, त्या दिवशी संध्याकाळी आनंदीक तू ह्याच लावलंस?"

"मगे काय लावतलंय? लहानपणापासून तुमका ह्याच लावलंय." यमुनाबाईंनी त्याच्याकडे भाबडेपणाने बघितलं. "कित्याक रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण समोर ही बाई उभी होती. नवरा वाळूत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी टोपली डोक्यावर घेऊन बाजारात गेलेली, नातीसाठी दोन दिवस अन्नाला न शिवलेली. ते उत्तर ऐकून ती जिवंत राहिली नसती. निदान त्याला तसंच वाटलं.

"काय नाय. हयसर असला चालणा नाय," असं म्हणून त्याने गोळा तिच्या हातातून घेतला आणि इस्पितळाच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकला. मग विनीताबाईंना गाठून त्यांना सगळं खरं सांगितलं.

"हे पुढे कळवावं लागेल, निकेत," त्या म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या घरात असंच होईल."

"कळवा. प्रत्येक घराला सांगा. फक्त माझ्या घरी सांगू नका."

जान्हवी खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी होती. तो तिच्यासमोर गेला. "जानू, मी तिका उचललंय," तो म्हणाला. "एकदा. रडत होती म्हणान. पट्टी सुटलेली, माका कळाक नाय."

जान्हवीने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. "ती वेस ओलांडी नव्हती रे, दादा," ती म्हणाली. "तू ओलांडलंस?"

औषध आलं. डॉक्टरांनी दिलं. ते उशिरा आलं असं कुणी म्हणालं नाही, वेळेत आलं असंही कुणी म्हणालं नाही. आनंदी पहाटे गेली. मुलीला पुरण्यासाठी रेडीला नेलं तेव्हा निकेतला गाडीतून उतरू दिलं नाही. जान्हवीच्या नवऱ्याने दारापाशी येऊन हात जोडले आणि फक्त एवढंच म्हटलं, "तुमी जावा."

यमुनाबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून आई ताट सरकवते आणि तोंड फिरवते, हे त्याला सोसवेना. कट्टा गावच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर त्याने खोली घेतली. नोकरी सोडली नाही. फोन आला की धावत होता. मध्ये जिल्ह्याहून एक साहेब येऊन गेले, त्यांनी त्याचा दंड उजेडात धरून बघितला, वण छान उठलाय म्हणाले. आता तुम्ही सुरक्षित आहात, असंही म्हणाले. समुद्रातून कुणी आलं नाही. बाटलीत भरलेला रोग कुणी सोडला नाही. देवाच्या दयेने सोडूही नये. पण आनंदीला कुणी शत्रूने मारलं असतं तर निकेतला रात्री निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मे महिना लागला तेव्हा एका दुपारी यमुनाबाई एसटीने कट्ट्याला आल्या. हातात डबा होता. जिना चढून धापा टाकत त्या खोलीत बसल्या, ताट मागून घेतलं, आणि त्यात भात आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. "जेव," त्या म्हणाल्या. एवढ्या महिन्यांनी त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

तो जेवायला लागला. यमुनाबाई त्याच्याकडे बघत होत्या.

"निकेत, मी तुका माफ केलंय," त्या म्हणाल्या. "देवीसमोर जावन सांगान इलंय. जान्हवी करूची नाय, तिचा चेडू गेला. पण मी तुझी आवस. माका तुझ्यार राग धरूक जमणा नाय."

त्याने मान हलवली.

"एकच सांग माका. तू तिका उचललंस, तेव्हा मी खंय होतंय?"

ह्या प्रश्नाचा विचार त्याने कधी केलाच नव्हता. "बाजारात," तो म्हणाला.

"त्या दिवसांत माझी टोपली लवकर संपा होती रे. तरी मी बाजारातल्या मथुरेवांगडा गजाली करीत बसान ऱ्हवा होतंय. लेक-नात घराक इलेली, आणि मी गजाली मारतंय." यमुनाबाईंनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "मी घराक असतंय तर तुका तिका हात लावक दिलंय असतंय? माझ्यामुळाच गेला रे ता चेडू. माझ्यामुळाच."

ज्या एका वाक्यापासून तिला वाचवायला त्याने बहीण सोडली, घर सोडलं, तेच वाक्य ती आपल्या पायांनी चालत जाऊन उचलून घेऊन आली होती. निकेत ताटावरून उठला आणि तिच्या पुढ्यात बसला.

"आये, तसा काय नाय."

"मगे सांग. मी घरात असतंय तरीय ह्या झाला असता? माझ्या डोक्यार हात ठेव आणि सांग."

त्याने डावा, कोरडा हात तिच्या डोक्यावर ठेवला. केस आणखी पांढरे झाले होते.

"तू घरात असतंस तरीय झाला असता," तो म्हणाला. "तुझी शप्पत."

इस्पितळातल्या त्या दिवसानंतर तो आईशी पहिल्यांदाच खरं बोलला होता. यमुनाबाईंनी त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं. मग त्यांचा श्वास सुटला, त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.